ज्यांचे दुखणे, त्यांचा कारभार

आलापल्लीच्या लाकूड डेपोत जो सागवानी ओंडका येऊन पडतो त्याची लांबी, गोलाई आणि क्रमांक यांची नोंद सरकारी वहीत होते, त्याच्या कापल्या टोकावर हातोड्याचा शिक्का उमटतो, आणि लिलावात तो कोणत्या लॉटमध्ये गेला व कोणत्या परवान्यावर बल्लारशाहच्या वाटेला लागला हेही दफ्तरात जपून ठेवले जाते. अरण्याचा इतका चोख हिशेब ठेवणाऱ्या या मुलखात माणसांच्या, त्यातही स्त्रियांच्या, देहाच्या दुखण्याला मात्र फार काळ कोणत्याच दफ्तरात जागा नव्हती. लाकूड, कोळसा, कागद, सिमेंट आणि आता सूरजागडचे लोहखनिज यांच्यापाठोपाठ घरदार मागे ठेवून आलेले हजारो पुरुष चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर, खाणींवर आणि तळांवर वावरत आले आहेत. आणि घरापासून तुटलेले पुरुष जेथे मोठ्या संख्येने जमतात तेथे आसपास कोठेतरी देहविक्रयाचा धंदाही उभा राहतो, हा साऱ्या जगाचा अनुभव आहे. त्या धंद्यातील स्त्रियांचे आरोग्य राखायचे कोणी आणि कसे, या प्रश्नाला महाराष्ट्रात जे उत्तर मिळाले ते येथून फार दूर, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कृष्णाकाठच्या सांगलीत. त्याचा इतिहास आपल्या या वनप्रदेशानेही नीट समजून घ्यावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

रोगाच्या निमित्ताने या स्त्रियांकडे सरकारचे लक्ष वळण्याची ही पहिली वेळ नव्हे. १८५७ नंतर हिंदुस्थानात गोऱ्या फौजेची संख्या वाढली आणि तिच्यातील गुप्तरोगांचे प्रमाण पाहून सरकार चिंतेत पडले, तेव्हा १८६४ च्या छावणी कायद्याने आणि १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने असा बंदोबस्त केला की, वेश्येने आपले नाव नोंदवावे, ठरल्या मुदतीने तपासणीस हजर व्हावे, आणि रोग आढळल्यास बरी होईपर्यंत ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या बंदिस्त रुग्णालयात राहावे. मुंबई शहरात या कायद्याचा अंमल १८७० साली सुरू झाला, १८७२ साली तो तहकूब झाला, १८८० साली पुन्हा लागू झाला आणि १८८८ साली कायदाच रद्द झाला. या अठरा वर्षांच्या धरसोडीचे कारण कायद्याच्या रचनेतच होते. तपासणी स्त्रीची होती, तिच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाची नव्हती. नोंद झाली की तपासणी आणि तपासणी झाली की अटक हे ज्या स्त्रीला दिसत होते ती नोंद चुकवीत असे, वस्ती बदलीत असे, दुखणे लपवीत असे. जो उपाय रोग्याला पळून जायला लावतो त्या उपायाने रोग हटत नाही. हा धडा त्या वेळीच मिळाला होता, परंतु शंभर वर्षांनी तो पुन्हा नव्याने शिकावा लागला.

१९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी शासकीय सुधारगृहातील वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांची तपासणी झाली आणि त्यांतील सहा नमुन्यांत एड्सचा, म्हणजे एचआयव्ही हा, विषाणू असल्याचे आढळले. भारतातील या रोगाच्या इतिहासाचे पहिले पान ते हेच. डॉ. सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबातल्या. पुढचे सारे आयुष्य त्यांनी या रोग्यांच्या सेवेत घालविले आणि रोग्यांना बहिष्कृत करण्याच्या वृत्तीशी त्या अखेरपर्यंत झगडल्या. परंतु समाजाने या शोधातून काढलेला अर्थ निराळा होता. विषाणू वेश्येच्या रक्तात सापडला म्हणून वेश्या हीच रोगाची खाण ठरली. तिच्या रक्तात तो आणून सोडणारा पुरुष विचारातून गळून गेला. विषाणू आढळलेल्या काही स्त्रियांना केवळ तेवढ्याच कारणासाठी कोंडून ठेवण्यात आले आणि न्यायालयाचे दार ठोठावल्यावरच त्यांची सुटका झाली. १९९० साली मुंबईच्या वस्त्यांतून शेकडो तमिळ स्त्रियांना गोळा करून रेल्वेगाडीने मद्रासला रवाना करण्यात आले. लॉक हॉस्पिटलाचा कायदा पुस्तकातून गेला होता, त्यामागची बुद्धी गेली नव्हती.

नेमक्या याच काळात आपल्या गडचिरोली जिल्ह्यात निराळ्या बुद्धीने एक काम चालले होते, आणि त्याचा उल्लेख या इतिहासात अवश्य व्हायला हवा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा एखादा तरी विकार होता, आणि अशा विकारासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण जेमतेम ८ टक्के होते. या स्त्रिया शेतात राबणाऱ्या, संसार करणाऱ्या, तुमच्या-आमच्या घरातल्या होत्या. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे हे बाईच्या जातीला चालायचेच, असे मानून त्यांनी ते सोसले होते आणि कोणी विचारले नाही म्हणून सांगितलेही नव्हते. एचआयव्हीच्या दृष्टीने या निष्कर्षाला मोठे महत्त्व होते, कारण गुप्तरोगाने झालेल्या जखमेतून आणि दाहातून हा विषाणू देहात फार सुलभतेने शिरतो. परंतु त्याहून महत्त्वाची होती ती पद्धती. ज्यांना दुखणे आहे त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्या शब्दांत विचारून, त्यांच्याच गावातील दाईला शिकवून काम उभे करावे, ही पद्धती गडचिरोलीने त्या वेळी जगापुढे ठेवली. आपल्या मातीत हे बीज आधीच पडलेले होते.

वेश्यावस्तीत तीच पद्धती प्रथम ठळकपणे अवलंबिली गेली ती कलकत्त्याच्या सोनागाछीत. १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी तेथे काम सुरू केले तेव्हा निरोधाचा नियमित वापर तीन टक्क्यांहूनही कमी होता. डॉक्टरांनी बाहेरून प्रचारक न आणता वस्तीतील स्त्रियांनाच हिरवे कोट देऊन आरोग्यशिक्षिका केले. १९९५ साली त्या स्त्रियांची ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ स्थापन झाली आणि त्याच वर्षी त्यांची स्वतःची सहकारी पतसंस्थाही उभी राहिली. सावकाराच्या व्याजातून सुटलेली स्त्री गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकते, एवढा साधा हिशेब त्या पतसंस्थेमागे होता. नव्वदीच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांना विषाणूची बाधा झाल्याचे आढळत असताना सोनागाछीत ते प्रमाण फार खाली राहिले.

त्याच १९९२ साली सांगलीत मीना सेषू यांच्या पुढाकाराने ‘संपदा ग्रामीण महिला संस्था’, म्हणजे ‘संग्राम’, स्थापन झाली. सांगलीच्या गोकुळनगर वस्तीतील अनेक स्त्रिया कर्नाटकाच्या सीमाभागातून आलेल्या, कित्येक यल्लम्माला वाहिलेल्या, कानडी आणि मराठी एका वाक्यात मिसळून बोलणाऱ्या होत्या. घरवाली म्हणजे कुंटणखान्याची मालकीण, तिच्या घरात बसणाऱ्या मुली, मुलीचा ‘मालक’ म्हणजे तिचा नेहमीचा सोबती, गिऱ्हाईक, हवालदार आणि सावकार, अशी त्या वस्तीची उतरंड होती, आणि या उतरंडीत तळाशी असलेल्या मुलीला आपल्या देहाविषयीचा निर्णय स्वतः घेण्याची मोकळीक फारच थोडी होती. संस्थेने प्रथम निरोध वाटण्यास आरंभ केला. परंतु निरोध वाटणे आणि निरोध वापरला जाणे यांत किती अंतर आहे हे लवकरच लक्षात आले.

ते अंतर कोठे होते हे जरा जवळून पाहू. गिऱ्हाईक दारात येतो आणि निरोधाशिवाय बसण्यासाठी नेहमीच्या दरावर वीस-पंचवीस रुपये अधिक देऊ करतो. मुलीने नकार दिला तर तो भांडत नाही. शेजारच्या दारात जातो, आणि शेजारीण त्या दिवशी उपाशी असेल तर ती हो म्हणते. म्हणजे शहाणपणाचा दंड शहाणीलाच भरावा लागतो. वर घरवाली विचारते की, आलेले गिऱ्हाईक का घालविलेस? अशा वेळी लाकडी नमुन्यावर निरोध कसा चढवावा याचे प्रात्यक्षिक शंभर वेळा दाखविले तरी त्याचा उपयोग काय? प्रश्न ज्ञानाचा नव्हताच. शेजारचे दारही त्याच शर्तीवर उघडेल अशी खात्री असल्याशिवाय एकटीचा नकार टिकत नव्हता, आणि ती खात्री कोणताही डॉक्टर देऊ शकत नव्हता. ती वस्तीतल्या स्त्रियांनी एकमेकींनाच द्यावयाची होती.

म्हणून काम त्यांच्याच हाती आले. वस्तीतील जी बाई दोन शब्द धीटपणे बोलू शके ती आपल्या गल्लीची कार्यकर्ती झाली. दुपारी, धंद्याची वेळ होण्यापूर्वी, ती घराघरांतून हिंडे. निरोध किती उरले ते पाही. कोणाला जळजळ होते, कोणाच्या अंगावर फोड आले ते विचारी आणि त्या मुलीला सोबत घेऊन दवाखान्यात जाई. घरवालीपुढे ती नीतीची भाषा बोलत नसे, नफातोट्याची बोले: गुप्तरोगाने मुलगी पंधरा दिवस अंथरुणाला खिळली तर कोणाचा धंदा बुडतो, आणि ती मेली तर तिच्यावर दिलेली उचल कोण फेडणार? हे गणित घरवालीला पटे, कारण तेच बोलणारी बाईही कधीकाळी तशाच घरात बसलेली असे. एकेक घर करीत गल्लीने गल्ली त्या शर्तीला बांधली जाऊ लागली तेव्हा गिऱ्हाइकाला जाण्यासाठी शेजारचे दार उरले नाही. निरोध हे साधन होते, रोगाला बांध घातला तो या एकीने. सर्वांत अवघड गड होता तो ‘मालका’चा. ज्याच्यावर माया आहे त्याच्यापुढे निरोध काढणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे प्रत्येकीला वाटे, आणि या नाजूक ठिकाणी बाहेरच्या उपदेशकाचे बोलणे चालणारच नव्हते. तेथे एका बाईने दुसरीला आपल्या आयुष्यातील दाखला देऊनच सांगावे लागले.

१९९६ साली या स्त्रियांची स्वतःची संघटना ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’, अर्थात ‘व्हॅम्प’, स्थापन झाली, आणि सांगली-मिरजेपासून कोल्हापूर, सातारा, सोलापूर व सीमेपलीकडील निपाणी-बेळगावपर्यंत तिचा विस्तार होत पुढे पाच हजारांहून अधिक स्त्रिया तिच्यात आल्या. आरोग्याच्या कामातून संघटना निघाली आणि संघटनेने मग आरोग्यापलीकडचे प्रश्न हाती घेतले. मालकाने केलेली मारहाण, घरवालीने दाबलेली कमाई, गुंडाचा हप्ता, पोलिसांचा जाच, शाळेत बापाचे नाव विचारून परत पाठविलेले मूल, अशा तक्रारी ऐकण्यासाठी तिने आपल्यातच तंटामुक्ती समिती नेमली. या समितीवर पंच म्हणून बसत त्या याच स्त्रिया. निपाणीत त्यांनी आपल्या मुलांसाठी ‘मित्र’ नावाचे वसतिगृह चालविले. कोणी विचारील की, एड्सच्या कार्यक्रमाशी वसतिगृहाचा व तंट्याचा संबंध काय? संबंध थेट आहे. ज्या रात्री मार खाल्ला त्या रात्री कोणतीही स्त्री शर्त घालू शकत नाही; आणि ज्या आईला मुलाच्या शाळेची विवंचना नाही ती पंचवीस रुपयांच्या मोहाला अधिक निर्धाराने नकार देऊ शकते.

या इतिहासातील सर्वांत उदात्त भाग मला तो वाटतो, ज्यात या स्त्रियांनी आपल्या वस्तीबाहेर पाहिले. आपल्याकडे येणारे गिऱ्हाईक खेड्यात परत जाते, तेथे त्याची लग्नाची बायको असते, आणि तिला ना निरोधाची माहिती ना नवऱ्याला विचारण्याची मुभा. तेव्हा धोक्यात आपल्यापेक्षा तीच अधिक आहे, हे त्यांनी ओळखले. सांगली जिल्ह्याच्या गावागावांतून संग्रामने गृहिणींमध्ये जे प्रबोधन केले त्याची मूळ जाणीव या वस्तीतून आली. ज्यांना रोगाची खाण म्हणून कोंडण्याची भाषा झाली होती त्याच स्त्रिया कुलीन म्हणविणाऱ्या घरांच्या आरोग्याच्या राखणदार ठरल्या. वसा आणि अमिर्झा येथील स्त्रियांचे मूक दुखणे आणि गोकुळनगरातील स्त्रियांचे बोलके झालेले शहाणपण यांची येथे गाठ पडते.

पुढे या कामावर मोठे संकट आले ते मदतीच्या रूपाने. अमेरिकेने २००३ साली एड्सनिर्मूलनासाठी जगभर प्रचंड निधी देऊ केला, परंतु त्याला अट अशी घातली की, निधी घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला आपला विरोध असल्याचे लिहून द्यावे. ज्यांच्या हातून काम करावयाचे त्यांचाच निषेध लिहून देणे संग्रामला मान्य होईना, आणि २००५ साली संस्थेने तो निधी सोडला. त्याच वर्षी मे महिन्यात गोकुळनगरावर पोलिसांचा छापा पडला, ‘सुटके’च्या नावाखाली स्त्रियांना उचलून नेण्यात आले आणि वर्षानुवर्षांच्या विश्वासाची घडी विस्कटली. अल्पवयीन मुलीला किंवा फसवून आणलेल्या स्त्रीला या धंद्यात ढकलणे हा घोर गुन्हा आहे, याविषयी दुमत नाही. व्हॅम्पचेही नाही, आणि अशी मुलगी वस्तीत आली तर ती प्रथम दिसते तीही तिथल्याच बायांना. परंतु सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध गाडीत घालणे आणि त्यास सुटका म्हणणे, हा १८६८ च्या कायद्याचाच नवा अवतार होय. छाप्यानंतर स्त्रिया पांगतात, पांगल्या की दवाखाना तुटतो, आणि दवाखाना तुटला की रोगाला पुन्हा मोकळे रान मिळते.

तथापि सोनागाछी व सांगली यांनी सिद्ध केलेली पद्धती सरकारलाही अखेर मान्य करावी लागली. २००७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात दर साठ स्त्रियांमागे त्यांच्यातीलच एक शिक्षिका, जवळचा गुप्तरोग दवाखाना, मोफत निरोध आणि संघटनबांधणी ही चौकट देशभर स्वीकारण्यात आली. २००४ पासून मोफत औषधेही मिळू लागली होती. राष्ट्रीय पाहणीत या स्त्रियांमधील विषाणूचे प्रमाण २००३ साली दहा टक्क्यांच्या आसपास होते. ते २०१०-११ साली २.६७ टक्क्यांवर आणि २०१७ साली १.५६ टक्क्यांवर आले. इतक्या थोड्या काळात इतके मोठे यश आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात विरळाच. परंतु सरकारी चौकटीबरोबर सरकारी शिरस्ताही आला. महिन्याला किती निरोध वाटले, किती तपासण्या झाल्या, याचे तक्ते भरणे हेच पुष्कळ ठिकाणी काम होऊन बसले, आणि शिक्षिका आपल्या गल्लीची प्रतिनिधी न राहता अल्प मानधनावरची नोकर झाली. पद्धतीचा सांगाडा घेतला आणि तिचा प्राण, म्हणजे त्या स्त्रियांचा स्वतःचा कारभार, मागे राहिला, असे जेथे जेथे घडले तेथे तेथे काम निधीबरोबर आले आणि निधीबरोबर गेले.

याची कसोटी करोनाच्या साथीत लागली. टाळेबंदीत धंदा एका रात्रीत बंद झाला, शिधापत्रिका नसल्याने धान्यही मिळेना. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली कोरडा शिधा देण्याचा हुकूम केला आणि महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपयांचे साहाय्य जाहीर केले. ते साहाय्य कोणाला द्यावयाचे हे ठरविताना याद्या लागल्या, आणि जेथे स्त्रियांची संघटना जिवंत होती तेथे कोण खरी गरजू हे सांगण्यास ती पुढे उभी होती. तरीही २०२१ च्या ऑगस्टात नागपूरच्या गंगा-जमुना वेश्यावस्तीच्या वाटा पोलिसांनी अडथळे घालून बंद केल्या आणि जुनी बुद्धी अजून मेली नसल्याचे विदर्भाने पाहिले. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, या स्त्रियांनाही संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदानुसार सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, पोलिसांनी त्यांच्याशी अर्वाच्य बोलू नये आणि स्वेच्छेने धंदा करणाऱ्या सज्ञान स्त्रीला अटक वा दंड करू नये, अशा आशयाचे निर्देश दिले. सांगलीच्या स्त्रियांनी पंचवीस वर्षे जे म्हटले होते त्याला देशाच्या सर्वोच्च पीठाने असा दुजोरा दिला.

आता हा सारा इतिहास आपल्या दाराशी आला आहे. २०२१ पासून सूरजागडच्या खनिजाचे ट्रक एटापल्लीहून आलापल्लीमार्गे अहोरात्र धावत आहेत. दूरदूरचे चालक, यंत्रकामगार आणि ठेकेदारांची माणसे या रस्त्यावर आली आहेत. आणि दरवर्षी मिरचीच्या तोडणीसाठी आपल्या जिल्ह्यातील स्त्री-पुरुष तेलंगणात जातात व हंगाम संपल्यावर परततात. माणसांची अशी ये-जा जेथे वाढते तेथे रोगाचीही वाढू शकते, हे सांगण्यास भविष्यवेत्ता नको. त्याच्या प्रतिबंधासाठी योजना येतील, निधी येईल, फलक लागतील. त्या योजनांच्या कर्त्यांना सांगलीचा इतिहास सांगतो तो असा की, शिक्षिका त्याच स्त्रियांतून आणि त्यांच्याच पसंतीने निवडावी. दवाखान्याची वेळ त्यांच्या दिवसाकडे पाहून ठरवावी. माडिया-गोंडी आणि तेलुगू बोलणारीला तिच्या भाषेत उत्तर मिळावे. धंदा सोडण्याची शपथ ही औषधाची अट नसावी, आणि ज्या स्त्रीला तो सोडावयाचा असेल तिला रोजगाराची खरी वाट मिळावी. नोंदवही गुप्त राहावी आणि पोलीस ठाण्यापासून दूर राहावी. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, कामाचे निर्णय ज्या बैठकीत होतात त्या बैठकीत त्या स्त्रियांना जागा असावी, मत असावे आणि हिशेब मागण्याचा अधिकार असावा. दीडशे वर्षांत हा प्रश्न सोडविण्याचे दोन मार्ग आपण आजमावले. नोंद, तपासणी आणि बंदोबस्ताचा मार्ग प्रत्येक वेळी फसला आणि विश्वासाचा मार्ग जेथे खऱ्या अर्थाने चोखाळला तेथे फळास आला. यापुढे पहिल्या मार्गाने जाणाऱ्याला अज्ञानाची सबब सांगता येणार नाही.